हॅलोआत्या फोन ठेवत नाही

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. गाडी चालवायला शिकवते मी, एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझा उजवा पाय असा तयार झालाय की घरी टीव्हीवर एखादी गाडी अंगावर आली तरी तो आपसूक जमिनीवर दाबला जातो. शिकाऊ मंडळी मला पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण माझा पारा चढायला फार वेळ लागत नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या आत्याची आहे. मी मध्ये मध्ये लुडबुड करेन. त्याला इलाज नाही, सगळा घोळच माझ्या लुडबुडीमुळे झाला.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, अंगानं मूठभर, पण आवाज असा की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडे पंचविशीतली मुलगी बोलतेय. एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा परगावी फोन लावायचा तर आधी तिला सांगावं लागायचं. ती समोरच्या बोर्डावर एका भोकात दोरीचं टोक खुपसायची, दुसऱ्या भोकात दुसरं, आणि मग कुठं दोन माणसांचं बोलणं व्हायचं. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "करणारच होते गं, पण लाईनवर लोक थांबले होते." घरात तिचं नाव पडलं हॅलोआत्या.

तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक उंच स्टूल. त्याला पाठ नाही, कारण बोर्डापुढं तसंच असायचं आणि पाठ टेकली की तिला फोनवर बोलताच येत नाही. शेजारी भिंतीत खिळा, खिळ्याला निवृत्तीच्या दिवशी मिळालेला जुना हेडफोन. खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिल आणि कापलेल्या कागदांचा गठ्ठा. आलेल्या प्रत्येक फोनची ती चिठ्ठी करते: किती वाजता आला, कोण बोललं, काय म्हणालं. कशाला करतेस म्हटलं तर म्हणते, "साहेब तपासतात." तिच्या त्या साहेबांना जाऊन वीस वर्षं झाली.

तिच्या कानाची तर आम्हा भावंडांना लहानपणी दहशत होती. एकाच वेळी दोन बोलणी ऐकायची तिला सवय. ती बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर गप्पा मारत असायची आणि आम्ही स्वयंपाकघरात श्वास रोखून खाऊच्या डब्याला हात घालायचो. तिकडून आवाज यायचा, "हो ना, डॉक्टर तेच म्हणाले, आणि दादा, डबा खाली ठेव, झाकण लाव, हं, मग पुढं काय झालं?" फोनवरच्या बाईला पत्ताही लागत नसे.

एवढा तयार कान असलेल्या बाईला फसवणार कोण, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. आणि गेल्या वर्षी एका गृहस्थानं तिला फसवलं. तुमची वीज संध्याकाळी कापतोय म्हणाला, हे बटण दाबा, ते बटण दाबा म्हणाला, आणि तिचं महिन्याचं पेन्शन घेऊन गेला. तीन तास ती त्याच्याशी बोलत होती!

"अगं, तीन तास?" मी कपाळावर हात मारून घेतला. "संशय आला तेव्हा ठेवायचास ना फोन!"

"चांगलं बोलत होता गं," आत्या म्हणाली. "आणि समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण कसा ठेवायचा?"

हे तिचं दुखणं. आत्या स्वतःहून फोन ठेवत नाही. कुणाचाच नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईचा तिच्या मुलाला फोन लावून दिला होता. तेव्हा तीन मिनिटं झाली की तोडायचं, असा नियम. बाई म्हणत होती, "आणि हे बघ, एक राहिलंच..." तेवढ्यात तीन मिनिटं झाली आणि आत्यानं दोरी ओढली. दुसऱ्या दिवशी बाई परत आली, तर मुलगा जहाजावर चढून गेलेला. काय राहिलं होतं, ते आत्याला कधीच कळलं नाही. "तिचं वाक्य माझ्या हातानं तुटलं," एवढंच म्हणते. तेव्हापासून तिनं आधी दोरी ओढली नाही. साहेबांची बोलणी खाल्ली, पण ओढली नाही.

माझं मन तेव्हा हललं होतं, नाही असं नाही. पण मन हलून पेन्शन परत येत नाही. आणि मुख्य म्हणजे आता दादा मध्ये पडला होता.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे जगात सगळ्यांना कमीच दिसतं असा त्याचा ठाम समज आहे. त्यानं निकाल देऊन टाकला. "आत्या, हे शेवटचं. पुन्हा एकदा फसलीस, की फोन आणि बँकेचं कार्ड माझ्या ताब्यात, आणि तू माझ्या घरी मागच्या खोलीत. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

दादाच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. आत्यानं एकदा आपल्या स्टुलाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

ते "बरं" मला असं झोंबलं की मी ठरवलं, हिच्यावर तशी वेळ येऊ द्यायची नाही. हिला दुसरा ब्रेक बसवायचा, आणि तो आपण व्हायचं.

मग आमची शिकवणी सुरू झाली. रविवारी मी तिच्या आतल्या खोलीत जाऊन बसायची, तिथून तिला फोन लावायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "मी बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद होणार आहे."

"ठिणगे," पलीकडून आत्या म्हणायची, "घसा धरलाय तुझा. गरम पाणी पी." ठिणगी हे तिनं ठेवलेलं माझं नाव.

"आत्या, मी चोर आहे!"

"असू दे. चोरानं पण गरम पाणी प्यावं."

लाल बटण कुठं असतं ते तिला ठाऊक होतं. त्यावर बोटही न्यायची. पण दाबायची वेळ आली की बोट तिथंच थबकायचं आणि ती विचारायची, "अजून काही सांगायचंय का तुम्हाला?" मी हात टेकले. मग मी दुसरा उपाय काढला. रोज संध्याकाळी सातला फोन करून हजेरी घ्यायची. तीन प्रश्न. आज कुणाचा फोन आला? त्यानं काय विचारलं? तू काय सांगितलंस? आत्या चिठ्ठ्या बघून उत्तरं द्यायची. मी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवायची. वर्षभरात एक दिवस चुकवला नाही. माझं घर तिच्यापासून गाडीनं पाच मिनिटं, चालत पंचवीस. पण रोज जाणं कुणाला जमतंय, फोन बरा.

तर परवा मंगळवारी काय झालं. सकाळी अकराची वेळ. दाताच्या एक डॉक्टरीणबाई माझ्याकडं गाडी शिकतात. त्यांना मी चौकातून वळण घ्यायला शिकवत होते. मध्येच आत्याला औषध आणायचं विचारायला फोन लावला, तर एन्गेज. पंधरा मिनिटांनी एन्गेज. अर्ध्या तासानं एन्गेज. पाऊण तास झाला, तेव्हा मला राहवेना. मी दादाला फोन लावला. "आत्या पाऊण तास फोनवर आहे. तू निघ. मीही पोचतेच." मग डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "सरळ घ्या. डावीकडं. आता उजवीकडं. हॉर्न वाजवू नका, पळवा!" बाईंनी त्या दिवशी जी गाडी चालवली, ती त्यांना परत कधी जमायची नाही. इमारतीखाली दोन गाड्यांच्या जागेत त्यांनी एक गाडी आडवी लावली. मी त्यांना तशाच सोडून तीन मजले चढले.

माझ्याकडची किल्ली लावून दार उघडलं. आत्या स्टुलावर ताठ बसलेली, फोन डाव्या कानाला, उजव्या हातात पेन्सिल. आणि ती वाचत होती, "चार... सात... थांबा हं, अक्षर फार बारीक आहे हो... शून्य..."

माझ्या डोळ्यांपुढं दादाची ती मागची खोली आली. पुढं काय झालं ते माझ्या पायालाच विचारा. एका झेपेत मी खिडकीशी गेले, तिच्या हातातला फोन हिसकला आणि लाल बटण दाबलं.

"ठिणगे!" आत्या ओरडली. ही बाई ओरडू शकते, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. "दोन आकडे राहिले होते!"

"म्हणजे बाकीचे देऊन झाले? कार्ड कुठंय तुझं?"

"कपाटात. कुलूप लावून."

"मग वाचत काय होतीस?"

आत्यानं मांडीवरचा बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं आपटला. "याच्या मागचे आकडे. त्याला सोळा हवेत, यावर तेराच आहेत. तीन मी मनानं घालणार होते. त्याच्या आकड्यांचं सोड गं. मी माझ्या आकड्यांचं म्हणतेय. हे बघ!"

तिनं चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठीवर मोबाइलचा नंबर होता. दहापैकी आठ आकडे आणि मग कोरी जागा.

आत्यानं जे सांगितलं ते असं. फोन आला, माणूस म्हणाला बँकेतून बोलतोय. पहिली पाच मिनिटं ती खरंच फसली होती, हे तिनं लपवलं नाही. मग तिला त्याच्या मागचा आवाज ऐकू आला. त्याच्या शेजारी अजून एक जाड्या आवाजाचा बसला होता आणि तो एका म्हाताऱ्या माणसाच्या मागं लागला होता. त्या माणसाला घरच्या जुन्या फोनवर गाठलं होतं आणि आता मोबाइलचा नंबर विचारत होता. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असणार, कारण जाड्या प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणत होता. "हं आजोबा, आठ. पुढं?"

"मला कळलं, की हे लोक कोण आहेत," आत्या म्हणाली. "ठेवला तर तो म्हातारा गेला. मग मी आपल्या माणसाला थांबवून धरला. चष्मा शोधला. दूध उतू गेलं. ते आजोबा दर आकड्याला 'कशाला हवा?' म्हणत असणार, कारण जाड्या दर वेळी समजूत घालत होता, मी आपली एकेक टिपत होते. नववा यायचा आणि तू आलीस."

एकवीस वर्षांत मी हजारदा ब्रेक दाबला असेल, पण इतक्या चुकीच्या जागी कधीच नाही. शरम वाटली. आणि शरम वाटली की माझा आवाज आणखी चढतो. "मग मला हातानं खूण करायची!"

"एका हातात फोन, एका हातात पेन्सिल. काय पायानं करू?"

मी फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक बाई आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आठ आकड्यांवर काही करता येत नाही, पूर्ण नंबर असेल तर सांगा. आत्यानं तोवर नवीन कागद घेतला होता.

"दोन आकडे म्हणजे शंभर नंबर," ती म्हणाली. "मी एका पाळीत तीनशे लावायचे. खालचे पन्नास तू, वरचे पन्नास मी. एकच विचारायचं. तुमच्याकडं आत्ता दुसऱ्या फोनवर बँकेचा कुणी बोलतोय का?"

लावले. देवा रे, काय काय ऐकलं मी! अनोळखी नंबरवरून एक बाई घाईघाईनं सांगतेय की तुमची फसवणूक होतेय, तर कोण विश्वास ठेवेल? वर्षभर मी आत्याला जे शिकवत होते, ते सगळं बाकीचं जग माझ्याआधीच शिकून बसलं होतं. एकानं विचारलं, कुठल्या टोळीच्या तुम्ही? एक बाई शांतपणे म्हणाली, "आवाजातली भीती जरा कमी करा, खरं वाटत नाही. कालची मुलगी चांगलं बोलत होती." एका गृहस्थांनी मला अशा शिव्या दिल्या की मी त्यांचा नंबर वेगळा लिहून ठेवलाय, सवड झाली की फोन करणार आहे.

आत्याला मात्र कुणी शिव्या देत नव्हतं. ती आपल्या त्या मऊ आवाजात विचारायची, नाही म्हटलं की "आभारी आहे" म्हणायची, समोरचा ठेवेपर्यंत थांबायची आणि चिठ्ठीवर टिंब द्यायची. त्या थांबण्यात तिचे प्रत्येकी चार-पाच सेकंद जात होते. मी दात ओठ खात होते, पण तोंड उघडायचा हक्क मी गमावला होता.

तिच्या एकोणतिसाव्या का तिसाव्या फोनला तिनं माझ्याकडं बघून बोट वर केलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हळू बोला," पलीकडून दबका, थरथरता आवाज आला. "दुसऱ्या फोनवर साहेब आहेत. कुणाचा फोन घेऊ नका म्हणालेत."

"मग माझा घेतलात कसा?" आत्यानं हळूच विचारलं.

"काय? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"माझा फोन घेतलात कसा?"

"सवय हो. वाजला की उचलतो. वाजतो तरी कितीसा!"

आत्यानं डोळे मिटले, उघडले आणि पाठ आणखी ताठ केली. "नीट ऐका. ते साहेब बँकेतले नाहीत. चोर आहेत. तो फोन खाली ठेवा."

"ठेवायचा नाही म्हणालेत. ठेवला तर खातं बंद."

"सांग ना त्यांना, एक्स्चेंजमधून बोलतेय, लाईन तपासतोय म्हणावं!" मी तिच्या कानात कुजबुजले. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी दोन पावलं मागं सरकले. खोटं सांगून? मग त्या चोरात आणि हिच्यात काय फरक राहिला? तेवढं मला न बोलता कळलं.

नेमका तेव्हाच दादा आला. दार उघडंच होतं. धापा टाकत आत आला, आत्या फोनवर, फोनमधून कुणी तरी खातं खातं म्हणतंय, एवढं त्यानं ऐकलं आणि हात लांब करून तो थेट फोनकडं निघाला. दुसऱ्या हातात जुना बटणांचा फोन होता, आत्यासाठी आणलेला. म्हणजे निकाल तो घरूनच लावून आला होता.

मी त्याचं मनगट धरलं. "दादा, हात लावलास तर बघ."

"अगं, ती पुन्हा..."

"चूप!"

दादा चूप बसला. माझा थोरला भाऊ माझ्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा चूप बसला.

फोनमध्ये बारीकसं टिंग वाजलं. "मेसेज आलाय," म्हातारा म्हणाला. "सहा आकडे आहेत. साहेब तेच मागतायत. वाचू का?"

"वाचू नका! त्यांना देऊ नका. आणि मलाही सांगू नका."

"तुम्हालाही नको?"

"मला काहीच नको. तुमचं नाव नको, बँक नको, काही नको."

म्हातारा म्हणाला, "सकाळपासून सगळे मागतायत. नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग फोन कशाला केलात?"

"तुम्ही फसू नये म्हणून," आत्या म्हणाली. "मी फसले होते गेल्या वर्षी. पैसे जातात ते जातात, पण मग घरचे फोन काढून घेतात हो. आपल्याला काही कळत नाही असं ठरून जातं."

माझ्या हातातलं दादाचं मनगट एकदम सैल पडलं.

"आमच्याकडं मुलगा तेच म्हणतोय," म्हातारा म्हणाला.

"मग ठेवा तो फोन. आणि शेजारचं दार वाजवा. हा मोबाइल हातात तसाच राहू द्या."

"तुम्ही ठेवणार नाही ना?"

"नाही," आत्या म्हणाली. "मी कधीच आधी ठेवत नाही."

वर्षभर मी याच वाक्याशी भांडले होते. ते ऐकून मला रडू आलं, आणि मी ते दादाकडं रागानं बघून कसंबसं परतवलं.

रिसीव्हर आदळल्याचा आवाज आला. मग सपाता घासत चालल्या. कडी निघाली. दार वाजलं, परत वाजलं. एक बाई बाहेर आली, म्हातारा तिला काहीबाही सांगू लागला. बँक, साहेब, सहा आकडे, आणि ही एक बाई फोनवर आहे. मग त्या बाईनं मोबाइल घेतला.

"कोण तुम्ही? म्हाताऱ्या माणसाला एकटं बघून छळता? लाज नाही वाटत? आवाज काय गोड काढलाय! परत या नंबरवर फोन केलात तर पोलिसांत देईन!" आणि खाडकन फोन बंद.

मी आणि दादा गोठून उभे. आत्याचा चेहरा मात्र फुलला होता.

"शाबास," ती म्हणाली. "बाई खमकी आहे. आता काळजी नाही." आणि तिनं चिठ्ठीवर वेळ टाकली.

दीड तासानं त्या आजोबांचा स्वतःहून फोन आला. पैसे जाग्यावर होते, मुलगा बँकेत जाऊन आला होता आणि शेजारीण माफी मागायला मागं उभी होती. पहिल्या पाच मिनिटांतच आत्यानं त्यांच्या कानाच्या डॉक्टरचं नावगाव विचारून घेतलं. दादानं आणलेला बटणांचा फोन खिशात परत घातला. घालताना म्हणाला, "आत्या, मागचा आवाज ऐकायचा कसा, मला पण शिकव. दुकानात रोज दोन फोन येतात असले." खाली डॉक्टरीणबाई अजून गाडीत बसल्या होत्या. एवढ्या वेळात त्यांनी गाडी मागंपुढं करून सरळ लावली होती, एकटीनं, माझ्या ब्रेकशिवाय.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण संध्याकाळचे सात वाजले आणि मी सवयीनं फोन लावला.

"आज आणखी कुणाचा फोन आला का? काय विचारलं? तू काय सांगितलंस?"

आत्यानं चिठ्ठ्या बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ठिणगे, सकाळी मी पाच मिनिटं फसले, ती का माहितीय? त्या चोरानं पहिलं काय विचारलं, तर 'मावशी, जेवलात का?' गेल्या वर्षीच्यानं पण तेच विचारलं होतं. चोरांना सुचतं. तुला वर्षभरात एकदा नाही सुचलं."

आणि तिनं फोन ठेवला.

मी फोनकडं बघत राहिले. आत्यानं ठेवला! आधी! नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून आजवर कुणाचा ठेवला नाही, चोराचासुद्धा नाही, आणि ठेवला तो माझा. अंगाचा तिळपापड झाला म्हणू, तर तसंही नाही. राग यायला जागाच नव्हती. वर्षभराच्या सगळ्या संध्याकाळी डोळ्यांपुढून गेल्या. रोज तीन प्रश्न, आणि तिन्ही चोरांबद्दल.

मी परत लावला. तिनं उचलला.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही गं," आत्या म्हणाली. "एकटीला करायचा कंटाळा येतो. रोजच येतो."

"मी येतेय. दार उघडं ठेव."

"अनोळखी माणसाला दार उघडू नको, असं तूच शिकवलंयस."

"आत्या!"

"बरं बरं. ये. पण तू ठेव आधी."

"नाही, तू ठेव."

"मी आत्ताच एकदा ठेवलाय. माझा कोटा संपला."

मी गाडीची किल्ली उचलली आणि परत ठेवली. गाडी चालवताना फोन कानाला लावायचा नाही, हे मी एकवीस वर्षं शिकवतेय. मग काय करणार, पंचवीस मिनिटं बोलत बोलत चालत गेले.